अकराचा पंधरा झाला तो मंगळवार

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी पुण्यात जूनपासून चौदा आठवडे सराव केला. प्रशिक्षकांची एकच सक्त अट होती: धाव संपली की घड्याळाकडे पाहण्याआधी, किती कष्ट पडले याचा आकडा वहीत लिहायचा. हा आकडा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या 6 ते 20 या मोजपट्टीवरचा असे. तिच्यावर 11 म्हणजे हलके आणि 15 म्हणजे जड. दर मंगळवारी पहाटे मी घराजवळचा तोच सपाट 8 किलोमीटरचा फेरा, किलोमीटरला 7 मिनिटे या वेगाने, पूर्ण करीत असे आणि सहा मंगळवार वहीत 11 हाच आकडा पडला.

सातवा आठवडा जुलैअखेरचा होता. मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे विवरणपत्रांच्या त्या दिवसांत रात्री अकरापर्यंत बसणे आणि पाच तासांची झोप हे ठरलेलेच. त्या मंगळवारी धाप लागली नव्हती, तरी प्रत्येक पाऊल मुद्दाम उचलून टाकावे लागत होते. मी 15 लिहिले आणि मग घड्याळ पाहिले, तर वेग तोच आणि नाडीचे ठोके 138 ऐवजी 133. ठोके उतरले म्हणजे दम वाढला, असा सोयीचा अर्थ मी लावला आणि रविवारी आतकरवाडीहून सिंहगड एकदाऐवजी दोनदा चढले. दुसऱ्या दिवशी घराचा जिनासुद्धा जड गेला.

वही पाहून सर म्हणाले, “ठोके खाली आणि आकडा वर, म्हणजे थकवा साचलाय.” दमलेल्या स्नायूंकडून तेवढेच काम करून घ्यायला मेंदूला अधिक जोराचा हुकूम सोडावा लागतो आणि तो जोरच आपल्याला कष्ट म्हणून जाणवतो, असे त्यांनी समजावले. बसून केलेल्या कामाचा थकवा यात धरायचा नसतो, असे मी तोवर मानत होते. परंतु सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, 90 मिनिटे डोक्याला ताण देणारे काम केलेल्यांनी सायकल सरासरी 640 सेकंदांत सोडली, एरवी तीच माणसे 754 सेकंद टिकली होती. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत मात्र त्याचे कारण सापडले नाही. माझी खुर्चीही माझ्या पायांत उतरली होती, हे मला तेव्हा पटले.

आठव्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणले, चढ बंद केले आणि दहाला झोपू लागले. पहिले तीन दिवस मन फार अस्वस्थ होते, कारण शर्यत जवळ असताना थांबणे म्हणजे कमावलेले घालवणे असेच वाटे. नवव्या मंगळवारी वहीत पुन्हा 11 आला, ठोके 137.

सप्टेंबरमध्ये शर्यतीत यवतेश्वरच्या घाटाला लागताना मी घड्याळ बाहीखाली झाकले, आकडा 15 च्या वर जातोय असे वाटले की पावले आखूड केली, आणि परतीची उतरण सुरू होईपर्यंत ते उघडले नाही.