आजोबांची पत्रे : चौदावे पत्र लागले

आजोबा सैन्यात होते. ट्रंकेतल्या २३ पत्रांपैकी १४ उतरवून झाली. मागचे तीन आठवडे एका पत्रातच गेले, पण ते वाया गेले नाहीत.

हे आंतरदेशीय पत्र पेन्सिलीने लिहिलेले आहे. शाई गोठते म्हणून पेन्सिल, असे आजोबांनी सुरुवातीलाच लिहिलेय. तारीख नाही, ठिकाण नाही. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, नाव, पलटण आणि ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय. शिक्का पुसलेला. पत्ता ता. औसा, जि. उस्मानाबाद. लातूर जिल्हा १९८२ साली झाला, म्हणजे पत्र त्याआधीचे. पिन कोड नाही. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, पण गावाकडे पुढेही कित्येक वर्षे कुणी लिहीत नसे, म्हणून त्यावर भिस्त ठेवली नाही.

मजकुरात तंबूतली रॉकेलची बुखारी (शेगडी) आहे, उशाशी ठेवलेल्या बाटलीत पाण्याचा झालेला बर्फ आहे. आणि मग एकदम, आज आपल्याकडे येळवस असेल! येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला रानात साजरा होणारा आमच्याकडचा सण. रानात कोप (कडब्याची खोप) कुणी घातली, भज्जीला (त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीला) शेंगा मिळाल्या का, विहिरीला पाणी किती, आंबिलाचे बिंदगे (मडके) कुणी डोक्यावर नेले. पत्र ती. दादांना, म्हणजे माझ्या पणजोबांना. आजीचे नाव कुठेच नाही, वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचे नाव लिहीत नसत. बिंदगे दरवर्षी आजीच न्यायची. ती चौकशी तिचीच आहे, असे मला वाटते.

अडले ते घडीवरच्या ओळीत. मी ‘रात्री आठवण तर’ असे वाचत होतो आणि पुढचे जुळत नव्हते. शेवटी खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या कडेला आडवा धरला, मोबाइलने फोटो काढून मोठा केला. पेन्सिलीचा दाब उमटला : ‘रात्री आठनंतर सगळे गप.’

हा युद्धविराम असेल का, हे बघायला जुने पंचांग काढले. १९७१ ची मार्गशीर्ष अमावास्या १७ डिसेंबरला. आदल्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली होती, आणि १७ तारखेला रात्री आठ वाजता पश्चिम आघाडीवर युद्धविराम लागू झाला. म्हणजे तोफा थांबल्यावर, त्याच रात्री, आजोबा येळवशीचे विचारत होते. मी बराच वेळ पत्र हातात धरून बसलो.

आता पंधरावे. घरून गेलेले हे एकच पत्र आजोबांनी परत आणले. आजीला लिहिता येत नव्हते, अक्षर शाळेतल्या गुरुजींचे. त्यावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठीचे ५ पैशांचे जादा तिकीट आहे. टपालावरचा तो कर १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत होता. येळवशीच्या पत्राचे हेच उत्तर असेल का, हे शेवटच्या दोन ओळींवरून कळेल, आणि त्या चिकटलेल्या घडीखाली आहेत. शाई निळी, दौतीची. वाफ दिली तर पसरेल. कुणी अशी घडी कोरडी सोडवली असेल तर कशी, ते सांगा. तोवर मी तिला हात लावणार नाही.