निम्मं करायची सवय

आमच्या शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला एक जुनं लेथ मशीन दिसतं. येणारा प्रत्येक ग्राहक विचारतो, हे अजून का ठेवलंय? भंगारात चांगला भाव येईल. त्याचं उत्तर पुढे येईल.

वडिलांनी १९८६ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात धंदा सुरू केला तो ह्याच लेथवर. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, टर्निंग करून, म्हणजे लेथवर फिरवत कापून मापात आणून, परत पाठवायचं. पंपाचे भाग, ऑइल इंजिनचे भाग. पुढे शिरोली एमआयडीसीत स्वतःची शेड झाली, लेथ सहा झाली. २००९ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी खुर्चीत बसले. मी बी.कॉम. टर्निंग हा शब्द मला बिलावर लिहिण्यापुरताच माहीत होता.

२०११ मध्ये कर्ज काढून पहिलं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं लेथ, घेतलं. हौस म्हणून नाही. ज्यांचं काम करत होतो त्यांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या वर्षापासून हाताच्या लेथवरचा माल घेणार नाही. मशीनबरोबर एक इंजिनिअर तीन दिवस आला. त्यानं फळ्यावर जी-कोड, एम-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, लिहिले. एम शून्य तीन म्हणजे स्पिंडल, जॉब फिरवणारा दांडा, सुरू, शून्य पाच म्हणजे बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथ्या दिवशी मशीनच्या आसपास कुणी फिरकेना.

मग मी सगळे करतात तेच केलं, एक डिप्लोमावाला प्रोग्रामर ठेवला. हुशार मुलगा. ह्या मशीनच्या पॅनेलवर एक छोटी किल्ली असते, ती फिरवल्याशिवाय प्रोग्राममध्ये बदल करता येत नाही. ती तो खिशात ठेवायचा. जेवायला जाताना, अगदी शौचालयाला जातानासुद्धा. दीड वर्षानं एका सकाळी त्याचा पुण्याजवळच्या चाकणहून फोन आला, "मॅडम, आजपासून येत नाही." किल्ली त्याच्याबरोबर चाकणला गेली. दुसरी किल्ली दोन दिवसांत मिळाली, पण ती फिरवून करायचं काय, हे शेडमधल्या चौदा माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मशीन अकरा दिवस उभं होतं. बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

चूक त्या मुलाची नव्हती. शिकवायचं म्हणजे खर्च, त्यापेक्षा शिकलेला माणूस आणावा, हा हिशोब माझा होता.

आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचे एक टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. कापताना निघणाऱ्या चिप्सचा रंग बघून स्पीड जास्त झाला की कमी ते सांगणार, आणि पाठमोरे उभे असले तरी आवाजावरून म्हणणार, "टूल गेलं तुझं." त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही सीएनसी शिका. ते हसले. "आता ह्या वयात माझी शाळा भरवताय व्हय, ताई?"

खरं कारण वेगळं होतं. एक सीएनसी तीन लेथचं काम करतं, म्हणजे आपण शिकलो की आपल्याच तीन माणसांची गरज संपली, असा त्यांचा सरळ हिशोब होता. हे ते मला बोलले नाहीत. वडिलांना भेटायला घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ बोलले. त्या वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर मी सगळ्यांसमोर शब्द दिला की मशीन आलं म्हणून कुणाला काढणार नाही. आजवर पाळलाय. त्यापायी दोन वर्षं नफ्यावर पाणी सोडलं, तेही सांगते.

पहिला वर्ग कामानंतर सहा वाजता ठेवला. कुणी आलं नाही. मला राग आला, ह्यांच्या भल्यासाठी करतेय आणि ह्यांनाच नको. नंतर कळलं, निम्म्या लोकांच्या घरी म्हैस आहे. संध्याकाळची धार काढून डेअरीत दूध घालायची वेळ नेमकी तीच. मग वर्ग शनिवारी चार ते सहा, कामाच्या वेळेत, पगारी. मीही बाकावर बसायचे. मालकीणबाईच फीड होल्ड आणि सायकल स्टार्टच्या बटणांत गोंधळते, हे बघून बाकीच्यांची भीड गेली. पॅनेलवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या. आधी जॉब, म्हणजे कापायचा भाग, न लावता टूल हवेत चालवायचं, मग फौंड्रीच्या नापास कास्टिंगवर.

आणि तरीही मामांचा माल नापास व्हायचा. जॉबचा व्यास ०.०४ मिलिमीटर मोठा आला तर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलची जागा सुधारायच्या आकड्यात, उणे ०.०४ टाकायचं, एवढी साधी गोष्ट. मामा ०.०२ टाकायचे. मोजलं की ०.०२ शिल्लक. मग ०.०१. पोरं हसायला लागली. मामांनी मायक्रोमीटर डबीत ठेवला आणि चार दिवस त्या मशीनकडे बघितलं नाही.

कोडं सोडवलं आयटीआयच्या एका पोरानं, ज्याला मामा सगळ्यांत जास्त ओरडायचे. तो जुन्या लेथवर जाऊन उभा राहिला, म्हणाला, मला हातानं कट घ्यायला शिकवा. आमच्या त्या लेथवर डायल एक मिलिमीटर फिरवला की टूल एक मिलिमीटर आत जातं आणि व्यास दोन मिलिमीटरनं कमी होतो. म्हणजे जेवढं काढायचं त्याच्या निम्मा डायल. मामांच्या मनगटात पस्तीस वर्षांचं निम्मं बसलेलं होतं. सीएनसी टर्निंगला आकडा व्यासातच द्यायचा असतो. पोरगं म्हणालं, "मामा, तुमचं चुकत न्हाई. तिकडं निम्मं तुम्ही करताय, हिकडं मशीन करतंय."

तीन दिवसांच्या ट्रेनिंगनं जे झालं नव्हतं ते ह्या एका वाक्यानं झालं. तेव्हापासून नवीन पोरगं आलं की पहिले दोन महिने हाताच्या लेथवर, मामांच्या हाताखाली. मग सीएनसीवर, तिथं मामांच्या शेजारी. म्हणून ते लेथ भंगारात गेलं नाही.

२०१६ मध्ये केंद्राची अ‍ॅप्रेंटिस प्रोत्साहन योजना आली. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार रुपये, सरकार द्यायचं. आम्ही दोन पोरं घेतली. रक्कम मोठी नव्हती, पण कागदोपत्री शिकाऊ माणूस म्हटल्यावर त्याच्याकडून लगेच उत्पादन मागायची माझी घाई जरा कमी झाली.

सगळंच काही जमलं नाही. तपासणीच्या तक्त्याचं उदाहरण घ्या. दर तासाला पाच जॉब मोजून आकडे लिहायचे असा नियम. एकदा ग्राहकाचा ऑडिटर आला, तक्ता बघितला आणि विचारलं, गुरुवारी अकरा ते एक वीज नव्हती ना? मग बारा वाजताचे हे पाच जॉब कुठल्या मशीनवर झाले? सगळे आकडे शिफ्ट संपताना मनानं भरलेले. मान खाली घालून बसले होते मी. ओरडून उपयोग नव्हता. मोजून काय होतं हे आम्ही कधी दाखवलंच नव्हतं, फक्त रकाने दिले होते. मग तेच आकडे भिंतीवरच्या आलेखावर ठिपक्यांनी लावायला सांगितले. ठिपके हळूहळू वर सरकायला लागले की इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार चाललीय, माल नापास व्हायच्या आधीच बदला. हे समजल्यावर खोटे आकडे बरेचसे थांबले. पूर्ण थांबलेत असं छातीठोक सांगणार नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. मी शहरात अडकलेली, शेड पलीकडे. मामा नागावचे, ते आणि दोन पोरं पोचली. अर्धवट राहिलेल्या लॉटमध्ये ड्रॉइंग बदललं होतं, प्रोग्राम दुरुस्त करायचा होता. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला, "माल तयार हाय, ताई. पण न्यायला गाडी कुठनं येणार?" किल्ली तेव्हा खिळ्यावर टांगलेली असायची, आजही असते.

शिकवलेल्या नऊ जणांपैकी चार सोडून गेले. एका स्नेह्यानं सल्ला दिला, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्या. एका पोराकडून बाँड लिहून घेतला, नंतर त्याच्या आईसमोर बसवेना, फाडून टाकला. आता पद्धत अशी आहे की मशीनचं सेटिंग स्वतः करता यायला लागलं की पगार त्याच महिन्यात वाढतो, दिवाळीची वाट बघायची नाही. तरी जाणारे जातात. चाकणचा पगार मला परवडत नाही.

गेल्या वर्षी व्हीएमसी, म्हणजे उभा कटर फिरवत कापणारं सीएनसी मशीन, घेतलं. त्यावर बोअर, म्हणजे भागातलं गोल भोक, गोल फिरत कापताना कटरचा ऑफसेट त्रिज्येत द्यावा लागतो. पोरांचं बोअर व्यासात वीस मायक्रॉन लहान आलं, त्यांनी वीस टाकले, बोअर वीसनं मोठं झालं. दोन कास्टिंग गेली. मामा मागे हात बांधून बघत होते. म्हणाले, "निम्मं टाक की रं."