अडलं की अंदाजाने आकडा टाकू का?

सुडोकू शिकणारे बरेच जण मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: टाकू नका. (नियम एवढाच: नऊ बाय नऊ घरांत प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकोनात १ ते ९ आकडे एकेकदाच यायला हवेत.)

सुरुवातीचे कित्येक महिने मीही तेच करायचे. एका घरात ३ किंवा ८ येईल एवढं कळलं की ८ लिहून पुढे जायचे. वीसेक घरं भरल्यावर एकाच ओळीत दोन ८ निघायचे आणि चूक कुठे झाली ते सापडायचं नाही. सगळं खोडावं लागायचं. पण त्याहून जास्त रुखरुख लागायची ती अंदाज बरोबर निघाल्यावर. कोडं सुटलेलं असायचं, आणि ते कसं सुटलं हे मला सांगता यायचं नाही.

मग मी प्रश्नच बदलला. ‘या घरात कोणता आकडा?’ असं विचारायचं सोडून ‘या चौकोनात ७ कुठे बसेल?’ असं विचारू लागले. समजा, वरच्या तीन चौकोनांपैकी मधल्यात ७ पहिल्या आडव्या ओळीत आहे आणि उजवीकडच्यात दुसऱ्या. म्हणजे डावीकडच्या चौकोनात ७ तिसऱ्याच ओळीत येणार. तिथल्या तीन घरांपैकी एकात ४ आहे. उरलेल्या दोनपैकी एकाच्या उभ्या ओळीत खाली ७ आहेच. राहिलं एक घर. त्या घरात काय काय चालेल याची यादी केली असती तर कदाचित पाच आकडे निघाले असते, तरीही ७ ची जागा पक्की आहे. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तेच कोडं पुसून पुन्हा सोडवलं होतं.

पुढची पायरी जोडीची. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त २ आणि ६ च येऊ शकत असतील, तर कुठल्या घरात कोण हे ठरलेलं नसतानाही त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतून २ आणि ६ बाद होतात. त्यासाठी घराच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे लिहायची सवय करा. काही जणांना त्यात कमीपणा वाटतो. मला ते अजिबात पटत नाही.

अंदाज नको म्हणते त्यामागे एक भरवसा आहे. नीट रचलेल्या कोड्याला एकच उत्तर असतं. नऊ बाय नऊच्या पूर्ण भरलेल्या मांडण्या किती होतात हे २००५ मध्ये मोजलं गेलं. ती संख्या २२ अंकी आहे. त्यातली नेमकी एक शिल्लक ठेवायला किमान १७ आकडे द्यावे लागतात. १६ दिले तर उत्तर एकमेव राहूच शकत नाही, हे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर तपासून दाखवलं. मात्र दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, असं समजू नका. १७ आकड्यांची कितीतरी कोडी सरळ सुटतात आणि २६ आकड्यांचं एखादं दोन दिवस दाद देत नाही.

तुमचं जे कोडं आत्ता अडलंय, त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा शोधा. तो सात ठिकाणी असेल तर दोनच जागा राहिल्यात. तिथून सुरू करा.