जॉबरमामांचा कान

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एप्रिल-मे म्हणजे लॅपटॉपच्या पंख्यांचा सीझन. पारा चाळिशीच्या वर आणि जोडीला धूळ. त्यातही यंत्रमाग कारखान्यातून आलेला लॅपटॉप लगेच ओळखू येतो. खालच्या जाळीतून सुताचे तंतू डोकावत असतात.

टॉवेल कारखान्याचे जॉबरमामा (जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर) मालकाचा लॅपटॉप घेऊन आले. "लई आवाज करायलाय. मालक म्हणतेत नवीनच घेऊ."

आधी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठले प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारी खिडकी, बघितला. कधी मागे एखादा प्रोग्राम प्रोसेसरला राबवत असतो आणि पंखा उगाच बदनाम होतो. इथं टॅलीशिवाय काही चालू नव्हतं, तरी तापमान नव्वदीत. झाकण काढलं. पंखा वरून चकाचक; कुणीतरी बाहेरूनच ब्लोअर मारून पैसे घेतले असणार. या प्रकाराची मला भयंकर चीड आहे, कारण त्यानं घाण आत रेटली जाते. पंखा उचलला, तर त्याच्या आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मधे तंतूंचा नमद्यासारखा थर. चिमट्यानं ओढला, अख्खी पट्टी निघाली. मामांनी ती बोटांत चोळली. "आमचाच माल की ओ! लाल बघा, परवाचा लॉट."

पातं बोटानं धरून हवा मारली (मोकळं सोडलं तर पंखा भलत्याच वेगानं फिरतो आणि कामातून जातो), वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून नवी लावली. तापमान पन्नाशीत आलं, घोंघावणं थांबलं. मी बिलबुक ओढलं तर मामांनी हात वर केला.

"वाऱ्याचा आवाज गेला. खरखर हाय अजून."

मला काही ऐकू येईना. आणि हा माणूस दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा! त्यांनी लॅपटॉप उचलून उभा धरला. आता मलाही आली, बारीक खरखर. आडवा केला की कमी. मामा म्हणाले, "बुश झिजलाय." बुश म्हणजे पंख्याचा आस ज्यात फिरतो ती बारीक नळी.

पंख्याची वायर क्षणभर काढली, आवाज बंद. म्हणजे हार्ड डिस्क नव्हे, पंखाच.

"मग दोन थेंब तेल सोडा की."

"सोडतो मामा, पण चार दिवस गप बसेल. तेलाला परत तूस चिकटणार."

हे त्यांना लगेच पटलं. पंखा मागवून बसवला. लॅपटॉप मागांपासून लांब ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "ऑफिस तिथंच हाय, लांब कुठं नेऊ?" शेवटी दर दोन-तीन महिन्यांनी, कारखान्याच्या सुट्टीदिवशी, उघडून साफ करायचं ठरलं.