दहा टक्के म्हणजे नक्की किती?

अ‍ॅनाटॉमीत एम.डी.ला लागून दोन महिने झाले होते. देहदानाचा फोन आला तसे सर म्हणाले, "देह टिकवायचं द्रावण आज तू कर. दहा लिटर, दहा टक्के फॉर्मॅलिन."

सी वन व्ही वन बरोबर सी टू व्ही टू, म्हणजे तीव्रता गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं, हे बारावीपासून पाठ. कॅनवर ३७ टक्के लिहिलेलं. दहा गुणिले दहा, भागिले ३७, म्हणजे २.७ लिटर. ओतायला घेतलं तर डिसेक्शन हॉलचे मामा दारातूनच म्हणाले, "मॅडम, एवढं कशाला? एक लिटर लागतं." मामांची नोकरी माझ्या वयाएवढी. तरी आकडेमोडीत त्यांचं काय ऐकायचं, असं मनात आलंच. खोटं कशाला बोलू!

सरांनी कागद बघितला आणि हसले. फॉर्मॅलिन हेच मुळात द्रावण. फॉर्माल्डिहाइड हा वायू पाण्यात विरघळवलेला. दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणजे कॅनमधलं द्रावण दहात एक भाग. त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम चार टक्के. मी करत होते ते दहा टक्के फॉर्माल्डिहाइड, अडीच पटीहून जास्त कडक. बरं, कडक म्हणजे चांगलं असंही नाही. द्रावण फार तीव्र असलं की जवळच्या ऊती आणि बारीक रक्तवाहिन्या लगेच आवळतात, पुढे काही जातच नाही, आणि बोटांची टोकं तशीच कच्ची राहतात.

दुसऱ्या कॅनवर ४० टक्के होतं. मी पुन्हा गणित मांडायला बसले. तेही तेच निघालं! वजनाला वजन (शंभर ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम) धरलं तर ३७, आकारमानाला वजन (शंभर मिलीलिटरमध्ये किती ग्रॅम) धरलं तर ४०. कारण फॉर्मॅलिन पाण्यापेक्षा थोडं जड.

मग एक लिटर फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, स्पिरिट, बुरशीसाठी थोडं फिनॉल, आणि द्रावण कुठवर पोचलं ते दिसावं म्हणून चिमूटभर इओसिन, हा गुलाबी रंग. इथेही मी नऊ लिटर पाणी मोजून ठेवलेलं. मामांनी त्यातलं थोडं बाजूला सारलं. बाकीच्यांनीही जागा घेतलेली असते ना! पाणी शेवटी, दहाच्या खुणेपर्यंतच.

मांडीच्या धमनीतून द्रावण सोडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, एक्झॉस्ट चालू असूनही. बऱ्याच वेळाने मामांनी पायाचा अंगठा दाखवला: नखाखाली फिकट गुलाबी रंग उतरला होता.