आत्याला सांगितलेली गोष्ट

सोमवार, रात्री साडेदहा. खानापूर.

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज पाच दिवस झाले. पोथी बंद, टीव्ही बंद, आणि पाऊस लागून राहिलेला. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "काय तरी सांग की गं, नुसतं पडून कंटाळलो मी." मी गेड नावाच्या जादूगाराची गोष्ट सांगायला घेतली.

ही गोष्ट माझ्यापर्यंत दोघांनी आणली. ऑफिसातली मैत्रीण विजापूरकडची, घरी कानडी बोलणारी. ही गोष्ट लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनवर तिचा भारी जीव. छापल्या क्रमानेच वाच, हा तिचा आग्रह. 1968 चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (अर्थसी म्हणजे बाईंनी रचलेलं बेटांचं जग), मग 1971 आणि 1972 ची दोन, आणि मग थांब. चौथी कादंबरी 'तेहानू' आली 1990 साली. बाईंनी अठरा वर्षं घेतली, तर आपण निदान एक पावसाळा घ्यावा, असं ती म्हणते. निपाणीच्या मावसभावाला हे मुळीच पटत नाही. त्याच्या मते 1964 ची 'द रूल ऑफ नेम्स' ही छोटी कथा आधी वाचावी. एका बैठकीत होते, आणि या जगात आपलं मन रमेल की नाही ते कळतं. 'फायरलाइट' ही शेवटची कथा बाई गेल्यावर, 2018 मध्ये छापून आली. ती मात्र शेवटालाच वाच, असं त्याने मला दोनदा बजावलं.

मी दोघांचंही ऐकलं नाही. मी पुस्तक कानांनी वाचलं, म्हणजे ऑडिओबुक ऐकलं, खानापूर-बेळगाव बसमध्ये, रॉब इंग्लिसच्या आवाजात. म्हातारा माणूस चुलीपाशी बसून सांगतोय असा सावकाश, भरदार आवाज. देसूर मागे पडलं तरी मला पत्ता नसायचा. त्या बेटांवरची बहुतेक माणसं सावळी, तांबूस, काळी आहेत हे ऐकताना किती बरं वाटलं! जादूगार म्हणजे गोराच, असं माझ्या डोक्यात कुणी बसवलं होतं कोण जाणे.

पण आत्याला इंग्रजी येत नाही. म्हणून आज तो आवाज मीच झाले.

मुलाचं पाळण्यातलं नाव डनी. आई लहानपणीच गेलेली. मावशी थोडंफार जादूटोणा जाणणारी, तिनेच पहिले मंत्र शिकवले. तेराव्या वर्षी ती त्याचं जुनं नाव काढून घेते. तो एकटाच नदीच्या गार पाण्यातून पलीकडे जातो, आणि काठावर उभा असलेला गुरू त्याचं खरं नाव हळूच कुजबुजतो : गेड.

आत्या उठून बसली. "कानात?"

"तसंच समज."

"मग आमच्यासारखंच की! तुझ्या बारशाला तुझ्या कानात कुर्र मीच केलो. पण नाव मावशीनं कशाला काढून घ्यायचं? आत्या नव्हती व्हय त्याला?"

खरं नाव तिथे कुणाला सांगत नाहीत. ते ज्याला कळलं त्याच्या हाती आपला जीव. चारचौघांत वापरायचं नाव वेगळं. पुढे जादूगारांच्या शाळेत गेड गर्वापायी मेलेल्यांच्या जगातून एक सावली मोकळी सोडतो, गाल फाटतो, कित्येक महिने अंथरुणाला खिळतो. बरा होतो तेव्हा जुनी मुलं त्याला टाळतात. अशा वेळी व्हेच नावाचा मित्र निरोप घ्यायला येतो आणि आपलं खरं नाव त्याला सांगतो : एस्टॅरिऑल. एवढंच. समजूत नाही, उपदेश नाही. मी बसमध्ये हे ऐकलं तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसले होते. आज सांगतानाही माझा आवाज कापला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

1 नोव्हेंबर 2014 पासून आमच्या शहराचं सरकारी नाव बेळगावी. माझ्या मैत्रिणीच्या तोंडी तेच नाव लहानपणापासूनचं, आणि ते तिला शोभतं. आमच्या घरात बेळगावच. गेडच्या गोष्टीनंतर मी आणि मैत्रीण यावर पहिल्यांदा मोकळेपणी बोललो. रागावल्याशिवाय.

दिवा घालवताना मी आत्याला म्हटलं, पुढच्या पुस्तकात एक मुलगी आहे. पाच-सहा वर्षांची असताना तिला देवळात आणून तिचं नाव पुसून टाकतात.

"परत मिळतंय का तिला?"

"उद्या सांगते."

"आत्ताच सांग की."

पुन्हा दिवा लावला.