ब्याण्णवला निम्मा रस्ता

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात कुठल्याही कौशल्याची ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. ९२ वी लेव्हल येते ६५,१७,२५३ ला. म्हणजे ब्याण्णव लेव्हल झाल्या की जेमतेम निम्मं काम झालेलं असतं आणि राहिलेलं निम्मं शेवटच्या सात लेव्हलमध्ये बसलेलं असतं. खेळणाऱ्यांमध्ये ही चेष्टा जुनी आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसायच्या आधी कागद-पेन घेतलं, कारण माझा धंदाच तो. बडोद्यात दांडिया बाजारात, जुन्या घराच्या पुढच्या खोलीत मी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते.

तक्ता पाहिला. ५० ला १,०१,३३३. ५७ ला २,०३,२५४. ६४ ला ४,०७,०१५. ७१ ला ८,१४,४४५. दर सात लेव्हलला आकडा दुप्पट, म्हणजे एका लेव्हलमागे साधारण १०.४ टक्के वाढ. चक्रवाढ व्याज शिकवताना मी मुलांना ७२ चा नियम सांगते: ७२ ला व्याजदराने भागा, पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. ७२ भागिले १०.४, उत्तर सातच्या अगदी जवळ. पुढच्या बॅचला उदाहरण म्हणून मी हेच दिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठून म्हणाला, "टीचर, तमे पण रमो छो?" (तुम्हीपण खेळता?) त्या दिवसापासून त्या बॅचमध्ये माझा भाव वधारला.

या खेळात मला आणलं बहिणीच्या मुलाने. २०२० मध्ये शिकवण्या ऑनलाइन झाल्या म्हणून लॅपटॉप घेतला, तो जोडून द्यायला भाचा आला आणि जाताना त्यात हे घालून गेला. "मावशी, याला पैसे पडत नाहीत, आणि घाई अजिबात नाही. तुला जमेल." मूळ रूनस्केप २००१ चं, केंब्रिजच्या गाउअर बंधूंनी काढलेलं. पुढे ते इतकं बदललं की जुन्या खेळाडूंना जुनंच हवं झालं, म्हणून जॅगेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत २०१३ मध्ये पुन्हा चालू केली. तेच हे ओल्ड स्कूल. चित्रं ओबडधोबड, माणसांना बोटं नाहीत. पण भाच्याच्या महागड्या कॉम्प्युटरवर जे चालतं तेच माझ्या साध्या लॅपटॉपवर आणि फोनवर चालतं, खातं एकच.

सुरुवातीचा काळ फसवा असतो. दुसऱ्या लेव्हलला ८३ एक्सपी लागतात, साध्या झाडाच्या एका ओंडक्याला २५ मिळतात. चार ओंडके, की फटाके उडतात. पंधराव्या लेव्हलला ओकची झाडं तोडता येतात, तिसाव्याला विलोची. तिसावी येते १३,३६३ एक्सपीला. एकूण रस्त्याच्या हजारात एक भाग चालून झालेला असतो आणि माणसाला वाटतं, आपण तरबेज झालो.

लढाई वाढवायची तर सगळे जाणकार सांगतात, खेळातल्या लंब्रिज गावाच्या कुरणात जा, गायी मारा, कातडी विका. शेजारी सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. ते काही मला जमेना. मी नदीपलीकडच्या गोब्लिन नावाच्या ठेंगण्या राक्षसांवर भागवलं आणि लढाईचा नाद तिथेच सोडून झाडांकडे वळले. लाकूडतोड निवडण्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. झाड उलटून मारत नाही, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली तर उठता येतं.

याच्यातूनच मला या सगळ्या उद्योगातली खरी गोष्ट सापडली. लेव्हल वाढवण्याच्या प्रत्येक पद्धतीची तासाला एक्सपी किती, याचे तक्ते मिळतात आणि सगळे त्या तक्त्यात वरून पहिली पद्धत धरतात. लाकूडतोडीत सर्वांत वेगवान काय, तर सागाची झाडं, आणि तीही विशिष्ट तालात क्लिक करत. या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदांनी टिकटिकतं, आणि प्रत्येक ठोक्याला हिशेबाने काहीतरी दाबत राहिलं की कुऱ्हाड नेहमीपेक्षा जलद चालते. भाच्याने करून दाखवलं. पाऊण तासाने त्याचं मनगट दुखायला लागलं आणि त्याने लॅपटॉप मिटला. तक्त्यात त्या पद्धतीसमोर मोठा आकडा आहे, पण तासभर कुणाला बसवतं हा रकाना त्यात नाही.

मी माझा तक्ता वेगळा केला. यू नावाच्या झाडाच्या एका ओंडक्याला १७५ एक्सपी, विलोच्या ओंडक्याला ६७.५. कुणीही म्हणेल, यूच तोडा. पण यूचा ओंडका इतका सावकाश निघतो की तासाचा हिशेब केला तर विलो पुढे जातो. दुसरीकडे यूचं झाड पडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, विलो अर्ध्या मिनिटात आडवा. दोन मिनिटांत एक पोळी लाटून भाजून होते. तेव्हा सकाळी स्वयंपाकाच्या वेळी ओट्यावर फोन टेकवून यू, आणि दुपारी बॅच यायच्या आधी निवांत बसले की विलो. फोडणी देताना मात्र काहीच नाही, तिथे खेळाचं काय काम. हातात किती लक्ष शिल्लक आहे ते आधी पाहायचं आणि मग झाड निवडायचं. असं केल्यावर तासाला एक्सपी कमी पडले, पण आठवड्याचे वाढले, कारण कंटाळा येऊन आठ-आठ दिवस खेळ बंद ठेवायची वेळ आली नाही.

सासूबाईंचा या प्रकरणातला रस हळूहळू वाढला. आधी "काय गं, अजून झाडंच तोडतेयस?" असायचं. मग जाता-येता "पडलं का?" आणि शेवटी शेवटी मी पोळी उलटत असताना त्याच सांगायच्या, "अगं, पडलं तुझं झाड, दुसरं धर."

भाच्याचा खेळ वेगळा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. त्याचं जुन्या पद्धतीचं क्लासिक ऑगस्ट २०१९ मध्ये निघालं, आणि याच्या हंटर पात्राने जेमतेम वेग घेतला तोवर नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्रात कॉलेजचा मुलगा रात्री घरी सापडत नाही. आमच्याकडे घट बसतात, आरती होते, आणि नऊ-साडेनऊला घर रिकामं. याच्या सोबतचे पुण्या-मुंबईचे गडी रोज रात्री पुढे चाललेले. पण त्या खेळात एक सोय आहे. पात्राला एखाद्या सराईमध्ये किंवा शहरात नेऊन लॉग आउट केलं तर दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती जमा होते, जास्तीत जास्त दीड लेव्हल. ती असेपर्यंत मारलेल्या शत्रूमागे दुप्पट एक्सपी. दीडशे टक्के, दर आठ तासांना पाच. तोंडी गणित आहे, दहा दिवस. घटस्थापनेला पात्र गोल्डशायर गावाच्या सराईमध्ये झोपवून हा युनायटेड वेच्या गरब्याला गेला, आणि दसऱ्याला उघडून पाहतो तर पट्टी निळी, जवळजवळ काठोकाठ. मला वाटतं हा खेळ बनवणाऱ्यांत कुणीतरी संसारी माणूस असणार. रानात कुठेतरी उभं राहून लॉग आउट केलं तर हीच विश्रांती चौपट हळू साठते, हेही त्याने मला बजावून सांगितलं, जणू मी उद्याच तिकडे जाणार होते.

माझ्या खेळात अशी बक्षिसी नाही. न खेळलेला दिवस म्हणजे शून्य. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या कितीतरी भागांत वीज नव्हती, आमच्याकडेही नव्हती. फोनचं चार्जिंग समा आणि अकोट्याच्या नातेवाइकांची चौकशी करायला राखून ठेवलं. तेव्हा लॉग इन करावंसं वाटलंही नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण "तुला व्यसन लागलंय" असं म्हणणारे घरात आहेत.

पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाची, लोक फार धास्ती घालतात. मी ब्रिटनच्या वर्ल्डवर, म्हणजे तिथल्या सर्व्हरवर, खेळायचे, पिंग दीडशे मिलीसेकंदांच्या आसपास. पण खेळाचा एक ठोकाच सहाशेचा असेल तर झाडाला काय फरक पडतो? लढाईत पडत असेल. लाकूडतोड्याने नेट बदलायच्या फंदात पडू नये.

सत्तराव्या लेव्हलच्या पुढे रस्ता एकसुरी होतो आणि तिथेच सल्लागार भेटतात. शिकवणीतल्या एकाने सांगितलं, क्लिक करणारं सॉफ्टवेअर मिळतं, रात्रभर चालू ठेवा. दुसरा म्हणाला, पैसे दिले की लेव्हल वाढवून देणारी माणसं आहेत, फक्त पासवर्ड द्यायचा. दोन्ही नियमाबाहेर, खातं कायमचं बंद होऊ शकतं. पासवर्ड देण्याबद्दल तर बोलायलाच नको. मी पहिल्याच आठवड्यात ऑथेंटिकेटर, म्हणजे खात्याला पासवर्डशिवायचं दुसरं कुलूप, लावून घेतला होता. पण नियमाचं सोडा. खेळातल्या ड्रेनॉर गावच्या विलोंपाशी माझ्या शेजारी उभे राहणाऱ्यांत बरेच बॉट, म्हणजे सॉफ्टवेअरने चालवलेली पात्रं, असावीत असा मला दाट संशय. चौकोनी तोंडाची, एकाच क्षणी एकाच झाडाकडे वळणारी मंडळी. नमस्कार केला तर उत्तर नाही. त्यांच्यात उभं राहून तेच काम हाताने करताना क्षणभर प्रश्न पडतो खरा. मग पोळी फुगते आणि प्रश्न राहतो बाजूला.

२०२३ मध्ये फॉरेस्ट्री नावाचा बदल आला आणि माझं चित्रच पालटलं. आधी दुसऱ्याने आपल्या झाडाला हात लावला की राग यायचा. त्याला ओंडका मिळाला आणि झाड पडलं, की आपला तोटा. बदलानंतर उलटं झालं. एकाच झाडापाशी जितके जण, तितकी प्रत्येकाची लाकूडतोड आतून थोडी वाढलेली धरली जाते, दहा लेव्हलपर्यंत. लोक हाका मारून बोलवायला लागले. फिलिपिन्सचा एक रात्रपाळीवाला आणि पोलंडच्या एक आजी, त्यांच्याशी माझी ओळख अशीच झाली. आजी शिवणकाम करता करता यू तोडायच्या. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, बहुतेक हवामानावर आणि गुडघ्यांवर.

आता ९२ नंतरचं. उरले ६५,१७,१७८ एक्सपी. भागिले ६७.५, म्हणजे ९६,५५१ ओंडके. पिशवीत मावतात २८, तेव्हा साडेतीन हजारांच्या जवळपास पिशव्या भरायच्या. तासाला तीस हजार एक्सपी धरले तर सव्वादोनशे तासांच्या आत-बाहेर. हा हिशेब मी मुद्दाम ९२ च्या दिवशीच केला आणि फ्रिजवर लावला. काहींना असा आकडा पाहून धडकी भरते. मला उलट बरं वाटतं, कारण आकडा मोठा असला तरी तो हलत नाही. बॅचमधल्या मुलांना मी पूर्ण पोर्शन पहिल्याच दिवशी दाखवते, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर लेव्हलकडे बघणं सोडून दिलं. ९३ ते ९४ या मध्ये इतकं अंतर असतं की रोज बघणाऱ्याचा धीर सुटेल. मी लाखांवर लक्ष ठेवलं. लाख झाले की फ्रिजवरच्या कागदावर एक रेघ. रेघा मारायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं.

नव्याण्णव झाली ती एका रविवारी दुपारी, सेव-उसळीचा बेत चालू असताना. फटाके उडाले, आजूबाजूच्या अनोळखी लोकांनी अभिनंदन केलं, दोन बॉट आपले काम करत राहिले. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आता केप घे." ९९ चा मानाचा झगा ९९,००० नाण्यांना मिळतो, नाणी माझ्याकडे होती, पण तो पैसे भरणाऱ्या सभासदांनाच. मी नाही घेतला. चौदा दिवसांची सभासदकी नाण्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या बाँडवर घेता येते, ते पुढेमागे पाहीन.

कारण त्याआधी दुसरं काम आहे. भाचा पहिल्यापासून सांगायचा, "मावशी, विलोचे ओंडके टाकून दे गं, कवडीमोल आहेत, बँकेत नेण्यात वेळ जातो." टाकून द्यायला माझा हात होईना. ड्रेनॉरला झाडांपासून बँक चार पावलांवर, आणि बँकेत कितीही ओंडके एकाच खणात राहतात. मी ठेवत गेले. आता त्यांचा उपयोग निघाला: विलोचा ओंडका पेटवला की फायरमेकिंगचे, म्हणजे आग पेटवण्याच्या कौशल्याचे, ९० एक्सपी, म्हणजे तोडताना मिळाले त्याहून जास्त. तिसाव्या लेव्हलपासून ९९ ला पोचायला सुमारे १ लाख ४५ हजार ओंडके पुरतात, आणि माझ्या खणात त्याहून जास्त आहेत. शिवाय जाळणं तोडण्यापेक्षा कितीतरी भराभर होतं. फक्त एकेक शेकोटी पेटवत गेलं तर दर ओंडक्याला क्लिक लागतो, त्यामुळे पोळ्यांच्या वेळी ते जमत नाही. सध्या रात्री बॅच सुटल्यावर वॅरॉक शहरातल्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारापाशी एका रांगेत सत्तावीस शेकोट्या पेटवते, मागे वळून बँक, पुन्हा रांग. कालच ६४ वी आली.